मठाखालची वस्ती आणि रक्ताचा दाखला

ज्या कलाकृतीत माणसाची किंमत त्याच्या रक्तावरून ठरते, ती कोणत्याही देशात जन्मलेली असो, कोणत्याही माध्यमातली असो, आपण ती तपासून घेतली पाहिजे. व्हिडिओ गेम हे माध्यम समीक्षेच्या पानावर यायच्या लायकीचे नाही, असे मानणारे आपल्यातही आहेत. तमाशाबद्दल, जलशाबद्दल आणि पुढे दलित आत्मकथनांबद्दलही प्रस्थापित समीक्षेने हेच म्हटले होते. माध्यमाची प्रतिष्ठा कोण ठरवतो आणि कोणासाठी ठरवतो, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. शिवाय आज महाविद्यालयात शिकणारी आपली पोरे या खेळांत जितका वेळ घालवतात तितका वेळ ती कादंबरीला देत नाहीत. त्या वेळात त्यांच्या मनावर कोणते जग कोरले जाते, याची चौकशी करणे मी शिक्षक म्हणून माझे काम समजतो.

या माध्यमाचा एक विशेष आधीच ध्यानात घेतला पाहिजे. कादंबरी वाचताना वाचक पात्राच्या कृतीचा साक्षीदार असतो. खेळात तो स्वतः कृती करतो. म्हणून खेळात दोन संहिता एकाच वेळी चालू असतात. एक कथेची आणि दुसरी नियमांची. कथा काय सांगते हे ऐकायला मिळते, नियम काय करायला लावतो हे हाताला कळते. कथा जर म्हणाली की सर्व माणसे समान आहेत, आणि नियम म्हणाला की जिंकायचे असेल तर अमुक कुळातला गडी पुढे घाल, तर खेळणाऱ्याच्या अंगवळणी नियम पडतो. कथेची समता ही मग सभेतल्या भाषणासारखी ऐकून सोडून देण्याची गोष्ट ठरते. पुढील विवेचनात मी ही कसोटी वापरणार आहे.

खेळाचे नाव आहे 'फायर एम्ब्लेम : थ्री हाउसेस'. जपानमधल्या क्योटो शहरातील इंटेलिजंट सिस्टिम्स या संस्थेने कोएई टेक्मोच्या सहकार्याने तो तयार केला आणि निन्टेन्डोने जुलै २०१९ मध्ये आपल्या स्विच या यंत्रासाठी प्रसिद्ध केला. फायर एम्ब्लेम ही मालिका १९९० पासून चालू आहे. बुद्धिबळासारखा चौकटींचा पट असतो. आधी आपल्या सगळ्या माणसांच्या चाली होतात, मग शत्रूच्या. फरक असा की इथल्या सोंगटीला नाव असते, आईबाप असतात, भूतकाळ असतो, आणि दोन चालींच्या मधल्या काळात ती आपल्याशी बोलते. फेब्रुवारी २०२० मध्ये या खेळाला सात प्रकरणांची एक पूरक मोहीम जोडण्यात आली. तिचे नाव 'सिंडर्ड शॅडोज'. माझा खरा विषय ही मोहीम आहे. परंतु वरचा मजला पाहिल्याशिवाय तळघर समजत नाही, म्हणून आधी मूळ खेळाकडे वळतो.

१

फॉडलन नावाचा एक काल्पनिक खंड आहे. त्यात तीन राज्ये आहेत. दक्षिणेला अ‍ॅड्रेस्टियाचे साम्राज्य, उत्तरेला फेर्गसचे पवित्र राज्य आणि पूर्वेला लेस्टरच्या सरदारांचा संघ. तिन्हींच्या मधोमध डोंगरावर गॅरेग माख नावाचा मठ आहे, तिथे सेरॉसच्या चर्चची गादी आहे. मठात तरुणांसाठी लष्करी विद्यालय आहे. विद्यालयाचे वर्ग राज्यांप्रमाणे पाडलेले आहेत, म्हणून तीन 'घरे'. साम्राज्याचे ब्लॅक ईगल्स, राज्याचे ब्लू लायन्स आणि संघाचे गोल्डन डिअर. एडेलगार्ड, दिमित्री आणि क्लॉड हे त्यांचे तीन प्रमुख, तिघेही राजकुळातले किंवा सरदारकुळातले. आपण बायलेथ नावाचा भाडोत्री सैनिक, जो अचानक या विद्यालयात शिक्षक होतो. तीनपैकी एक घर आपण निवडायचे. पाच वर्षांनी तिन्ही बाजू युद्धात समोरासमोर येतात आणि एका वर्गाचे विद्यार्थी दुसऱ्या वर्गाच्या विद्यार्थ्यांना ठार मारतात.

या समाजाचा कणा आहे 'क्रेस्ट', म्हणजे रक्तात उतरलेले कुलचिन्ह. देवीने प्राचीन वीरांना ते वरदान म्हणून दिले आणि त्यांच्या वंशजांत ते उतरत आले, असे चर्च सांगते. ज्याच्या रक्तात चिन्ह आहे त्याच्या अंगी विशेष बळ असते आणि वीरांची जुनी शस्त्रे त्यालाच चालवता येतात. सरदारकी या चिन्हावर उभी आहे. मात्र खानदानी घरातल्या प्रत्येक मुलात ते उतरत नाही. इथे आपल्या जातिव्यवस्थेशी एक मोठा फरक आहे आणि तो झाकून तुलना करणे अप्रामाणिकपणाचे होईल. जात जन्मलेल्या प्रत्येक मुलाला चिकटते. हे चिन्ह एका भावाला लाभते आणि दुसऱ्याला वगळते.

पण फरक मान्य करूनही परिणाम पाहावेत. गॉटिए घराण्यातला थोरला मुलगा मिक्लान चिन्हाशिवाय जन्मला म्हणून वारसाहक्कातून काढला गेला आणि दरोडेखोर झाला. घरातला वंशपरंपरेचा भाला त्याने पळवला, आणि त्याच भाल्याने त्याला गिळून त्याचा पशू केला. डोरोथियाच्या सरदार बापाने, मुलीत चिन्ह नाही म्हणून, मायलेकींना घराबाहेर काढले. प्राध्यापक हॅनेमनची बहीण चिन्हधारी मूल हवे असलेल्या नवऱ्याच्या घरी बाळंतपणे काढता काढता मेली. बाबासाहेबांनी १९१६ च्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधात जातीचे मर्म सजातीय विवाहात आहे असे दाखवले होते. रक्ताचा हिशोब ठेवायचा तर बाईच्या देहावर पहारा ठेवावा लागतो, हे सूत्र या परदेशी खेळाच्या लेखकांनीही आपल्या रीतीने गाठले आहे. ही समज वरवरची नाही, आणि खेळाचे हे श्रेय मी मोकळेपणाने देतो.

खेळ आणखी एक पायरी खोल जातो. वरदानाची कथा खोटी आहे हे पुढे उघड होते. नेमेसिस आणि त्याच्या साथीदारांनी देवीच्या लेकरांची कत्तल केली, त्यांचे रक्त घेतले, त्यांच्या हाडांची शस्त्रे केली. त्या कत्तलीतून वाचलेल्या सेरॉसनेच पुढे राजकारणासाठी कत्तलीचे वरदान केले. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त अवतारकथांच्या पोटातली लढाई आणि लूट बाहेर काढली, ती वाचण्याची रीत ज्याला ठाऊक आहे त्याला हा भाग समजावून सांगावा लागणार नाही. पवित्र कथेच्या पायाशी रक्त असते आणि ते धुऊन टाकणे हे पुरोहितांचे काम असते, इतके हा खेळ स्पष्ट बोलतो.

आता नियमांकडे पाहू. विद्यार्थ्यांचा अगदी पहिला दर्जा एक तर 'नोबल' नाहीतर 'कॉमनर'. परंतु पुढचे दर्जे जन्माने मिळत नाहीत. शिकावे लागते, परीक्षा द्यावी लागते, आणि तलवारीचा किंवा मंत्रविद्येचा कोणताही मोठा दर्जा गरिबाच्या पोरालाही खुला असतो. शिक्षणाने माणूस बदलतो ही गोष्ट नियमातच आहे. दुसऱ्या बाजूला, चिन्ह असलेल्याला लढाईत आपोआप लाभ मिळतो, आणि चिन्ह नसलेल्याने वीरांचे शस्त्र उचलले तर त्याच्या अंगाला इजा होते. कथा सांगते की चिन्हांची प्रतिष्ठा हा समाजाने केलेला अन्याय आहे. नियम सांगतो की चिन्हात बळ आहेच. मूळ खेळ या अंतर्विरोधासह उभा आहे. अंतर्विरोध असणे हा दोष मानायचे कारण नाही. त्याची जाणीव लेखकाला आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर तळघरात मिळते.

२

'सिंडर्ड शॅडोज'मध्ये आपण मठाच्या खाली उतरतो. तिथे अबिस नावाची वस्ती आहे. अबिस म्हणजे पाताळ. ज्यांना उजेडात राहता येत नाही, ज्यांच्या मागे सावकार, शिपाई किंवा बदनामी लागली आहे, ज्यांना घर नाही, अशी माणसे तिथे राहतात. चर्चला ही वस्ती ठाऊक आहे. चर्च तिकडे काणाडोळा करते. वर घंटा वाजतात, प्रार्थना होतात, खाली ओल असते. जमिनीच्या वर देवालय आणि जमिनीच्या पोटात माणसे, ही रचना पाहूनच ज्याला गावकुसाचा अनुभव आहे तो थबकेल. आपल्याकडे गाव आणि वाडा यांच्यात अंतर आडवे असते, इथे ते उभे आहे.

या वस्तीत विद्यालयाचे एक चौथे घर आहे, अ‍ॅशन वुल्व्ज, म्हणजे राखी लांडगे. अधिकृत यादीत ते नाही. वरच्या तीन घरांपैकी कोणाला त्याचा पत्ता नाही. त्याचे चार सदस्य आहेत. युरी, गरीब आईच्या पोटी जन्मलेला, नंतर एका सरदाराने दत्तक घेतलेला, विद्यालयातून काढलेला आणि आता चोरगल्लीचा म्होरक्या. बाल्थस, सरदारकी सोडून कर्ज आणि मारेकरी मागे लावून घेतलेला पैलवान, ज्याच्या मुठीतल्या शस्त्राचे नाव चक्क 'वज्रमुष्टी' आहे. कॉन्स्टन्स, बुडालेल्या घराण्याची मंत्रविद्येत पारंगत मुलगी. आणि हापी, जिच्यावर कोणीतरी प्रयोग केले आणि तेव्हापासून तिने नुसता सुस्कारा टाकला तरी हिंस्र पशू धावून येतात. दुःखाचा सुस्काराही ज्या मुलीला परवडत नाही, तिची कल्पना करणाऱ्या लेखकाला काहीतरी जाणवले होते, असे म्हणावे लागते.

वस्तीत एक ग्रंथालयही आहे, आणि या मोहिमेतील सर्वांत मोलाची गोष्ट मला तिथे सापडली. वरच्या ग्रंथालयातून जे काढून टाकले ते खाली येऊन पडले आहे. त्यात एक यादी आहे. चर्चने अयोग्य ठरवलेल्या शोधांची. दूरचे पाहण्याचे यंत्र, जमिनीतून निघणारे काळे तेल, प्रेत फाडून रोग शोधण्याची विद्या आणि धातूचे खिळे जुळवून छापण्याची कला. चौथी नोंद वाचून मी बराच वेळ पुढे गेलो नाही. छापखाना झाला तर चर्चची कथा एकमेव कथा राहत नाही. ज्यांना अक्षरबंदी भोगावी लागली त्यांना या बंदीचा अर्थ वेगळा उलगडून सांगायला नको. आपल्या विद्यार्थ्यांना मी हा भाग मुद्दाम दाखवीन. धर्मसत्ता ज्ञानावर कसा ताबा ठेवते यावर तासभर व्याख्यान देऊन जे साधत नाही, ते या चार नोंदींनी साधते.

३

आता कथानक. वस्तीचा सांभाळ करणारा एक धर्माधिकारी आहे, एल्फ्रिक. मृदुभाषी, कनवाळू. चर्चने दुर्लक्ष केलेल्या लोकांसाठी तोच काय तो आधार. चार लांडग्यांना आसरा त्याच्यामुळे मिळाला. वस्तीवर भाडोत्री सैनिकांचे हल्ले होऊ लागतात. त्यांना हवे आहे वस्तीत दडवलेले एक प्राचीन पात्र. बायलेथ आणि तीन घरांचे प्रमुख चुकून खाली उतरतात, आधी लांडग्यांशी लढतात, मग त्यांच्याबरोबर लढतात. पात्र हाती लागते, दगडी राक्षस पाठलाग करतात, आणि मग पडदा उघडतो. हल्ल्यांच्या मागे एल्फ्रिकच आहे. त्याला त्याची मेलेली प्रेयसी, बायलेथची आई सिट्री, जिवंत करायची आहे. त्या विधीसाठी चार प्रेषितांच्या वंशाचे रक्त लागते. ते रक्त युरी, बाल्थस, कॉन्स्टन्स आणि हापी यांच्या अंगात आहे. त्याने त्यांना गोळा केले ते त्या रक्तासाठी.

इथपर्यंत ही कथा फार नेमकी आहे. वरून खाली आलेला दयाळू उद्धारक आणि त्याच्या दयेतला हिशोब, हे चित्र आपल्या सामाजिक इतिहासात जागोजाग आहे. दया करणारा माणूस वाईटच असतो असे नाही. एल्फ्रिकला वस्तीबद्दल काही वाटतच नव्हते असेही कथा म्हणत नाही. पण ज्याच्या हातात आसऱ्याची किल्ली आहे त्याच्या हातात आश्रिताची नसही असते. किल्ली आश्रिताच्या हाती आल्याशिवाय हे संपत नाही. युरी मध्येच धन्याला फितूर झाल्यासारखा वाटतो, पुढे कळते की ते सोंग होते. आश्रित माणसाला लढण्यासाठी सोंग घ्यावे लागते, हेही खरेच आहे.

याच ठिकाणी हा खेळ तयार करणारी इंटेलिजंट सिस्टिम्स ही संस्था ज्या शहरातली आहे त्या शहराची आठवण केली पाहिजे. जपानमध्ये चामड्याचे, मेलेल्या जनावरांचे, फाशी देण्याचे काम करणाऱ्यांना 'एता' आणि 'हिनिन' म्हणून समाजाबाहेर ठेवले जाई. १८७१ च्या फर्मानाने ही नावे कायद्यातून गेली. १८७२ च्या कुटुंबनोंदवहीत अनेक ठिकाणी त्यांना 'नवे सामान्यजन' म्हणून वेगळे नोंदले गेले, म्हणजे जुना कलंक नव्या शब्दात राहिला. १९७५ साली बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात असल्याचे उघडकीस आले. नोकरी मागायला आलेला माणूस कोणत्या वस्तीतला हे मालकाला कळावे, एवढाच त्यांचा उपयोग. या लोकांची संघटना, सुइहेइशा, ३ मार्च १९२२ रोजी क्योटोतच स्थापन झाली. तिच्या जाहीरनाम्याचा गाभा असा की आमच्यासाठी म्हणून दुसऱ्यांनी चालवलेल्या सुधारणांनी आमचे काही भले झाले नाही, आता आमची मुक्ती आमच्या कृतीने होईल.

खेळाच्या लेखकांनी हा इतिहास डोळ्यांसमोर ठेवून अबिस रचले असा दावा मी करत नाही. त्याला माझ्याजवळ पुरावा नाही. पण समीक्षकाला दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्याचा अधिकार आहे. एकाच शहरात १९२२ साली खालच्या वस्तीने आपला आवाज स्वतः उभा केला, आणि जवळजवळ शंभर वर्षांनी त्याच शहरातल्या संस्थेच्या खेळात खालच्या वस्तीची एक कथा आली. त्या कथेत वस्ती स्वतःसाठी काय करते, हे विचारणे रास्त आहे.

४

उत्तर असे की वस्ती काहीच करत नाही. वस्तीच्या नावाने चार वीर लढतात, आणि ते चौघेही चिन्हधारी आहेत.

या मोहिमेत आपल्याला मनाजोगे गडी निवडता येत नाहीत. कोण लढणार हे लेखकांनी ठरवून दिले आहे. बायलेथ, एडेलगार्ड, दिमित्री, क्लॉड, लिनहार्ट, हिल्डा, अ‍ॅश आणि चार लांडगे. एकूण अकरा. मी एकेकाचे रक्त तपासले. अकरापैकी दहा जणांच्या अंगात चिन्ह आहे. उरला एकटा अ‍ॅश, अनाथ, पूर्वाश्रमीचा चोर, सरदाराने दत्तक घेतलेला. म्हणजे ज्यांना जगात जागा नाही अशा माणसांच्या वस्तीत उतरूनसुद्धा, ज्याच्या रक्तात काही नाही असा एकच गडी आपल्या हाती येतो, आणि तोही वरून आलेला. वस्तीतला एकही साधा माणूस शस्त्र हाती घेऊन पटावर आपल्या बाजूने उभा राहत नाही. त्यांना वाचवायचे असते, त्यांच्यासाठी लढायचे असते. बहुतेकांना नावसुद्धा नाही.

कोणी म्हणेल, कथानकाची ती गरज आहे. विधीला चिन्हधारींचे रक्त लागते, मग चौघे चिन्हधारीच असणार. माझा आक्षेप तोच आहे. तळघराची कथा रचताना लेखकांना रक्ताभोवतीच कथानक सुचले. वरच्या मजल्यावर ज्या चिन्हांना अन्याय म्हटले, ती चिन्हे खालच्या मजल्यावर प्रवेशपत्र झाली. बहिष्कृत माणूस नायक व्हायला हरकत नाही, फक्त तो मुळात थोर रक्ताचा निघाला पाहिजे, ही अट कथेने न बोलता घातली. आपल्या जुन्या कथापुराणांतही हीच युक्ती आहे. सूतपुत्र म्हणून हिणवलेला कर्ण अखेर कुंतीचा मुलगा निघतो, आणि त्याच्या पराक्रमाचे कारण सापडल्याबद्दल सगळे सुटकेचा श्वास सोडतात. खऱ्याखुऱ्या सारथ्याचा मुलगा तसा लढला असता, तर कथा सांगणाऱ्यांची अडचण झाली असती.

कॉन्स्टन्सचे उदाहरण घ्या. तळघरात ती ताठ मानेने, मोठ्या आवाजात बोलते. उन्हात आली की तिचा स्वभाव पालटतो. मी नालायक आहे, माझी सावलीही कोणावर पडू नये, अशा भाषेत ती बोलू लागते. वरच्या जगाचा उजेड अंगावर पडताच माणूस स्वतःला तुच्छ मानू लागतो, याहून भेदक प्रतिमा या खेळात दुसरी नाही. पण खेळ ती विनोदासाठी वापरतो. आणि तिचे दुःख तरी कशाचे? आपले घराणे बुडाले आणि ते परत उभे करायचे आहे, याचे. घराणे या गोष्टीबद्दल तिची तक्रार नाही. सरदारकी गेलेल्याचे दुःख आणि सरदारकीखाली चिरडलेल्याचे दुःख, दोन्ही एकाच तळघरात बसवून ती एकच आहेत असे भासवणे ही वैचारिक लबाडी आहे. तशी ती हेतुपुरस्सर केली असेल असे मला वाटत नाही. सवयीने झाली असेल. सवयीची लबाडी जास्त टिकाऊ असते.

एका जागी मात्र कथा या चौकटीबाहेर डोकावते. युरी आपल्या संवादांत सांगतो की त्याचे चिन्ह आईबापांकडून आलेले नाही. लहानपणी तो आजाराने मरणाच्या दारी असताना, ज्याची त्याने विचारपूस केली होती अशा एका म्हाताऱ्याने त्याला आपले रक्त दिले, त्यातून ते आले. म्हणजे रक्त देता येते. वंश नसताना चिन्ह मिळू शकते, आणि ते माणुसकीच्या व्यवहारातून मिळते. ही एक गोष्ट गंभीरपणे पुढे नेली असती तर सरदारकीचा सगळा डोलारा कोसळला असता. गरीब आईचा पोरगा उठून म्हणाला असता की तुमच्या कुळाचा दाखला मला एका भणंग म्हाताऱ्याने उसना दिला, आता तुमच्या दाखल्याची किंमत काय? खेळाने हा प्रश्न सात प्रकरणांच्या मोहिमेत आणला नाही, बाजूच्या एका संवादात ठेवून दिला.

५

आता गटांच्या राजकारणाकडे येतो, कारण कार्यकर्त्यांच्या दृष्टीने हा भाग महत्त्वाचा आहे. मूळ खेळ तीन बाजूंच्या संघर्षावर उभा आहे. त्यात एडेलगार्ड चिन्हांची आणि चर्चची सत्ता मोडायला निघालेली आहे, त्यासाठी ती युद्ध पुकारते आणि त्या युद्धात गरीबच मरतात. तिच्या मार्गाबद्दल खेळणाऱ्यांत आजही कडाक्याचे वाद होतात आणि ते व्हावेत. पण या पूरक मोहिमेत तिघे प्रमुख खांद्याला खांदा लावून लढतात. एडेलगार्ड मठाच्या पायाखाली माणसे पुरल्यासारखी राहताना पाहते, आणि तिच्या पुढच्या राजकारणात या दृश्याची खूण राहत नाही. दिमित्री आणि क्लॉड यांचेही तसेच. हा प्रवास कोणालाही बदलत नाही. मोहीम संपते, पाहुणे वर जातात, वस्ती आहे तिथे राहते.

मग काय होते? मोहिमेत पुढे गेल्यावर मूळ खेळात अबिसचे दार उघडते आणि चारही लांडगे आपल्या वर्गात घेता येतात. आपला वर्ग कोणताही असो, साम्राज्याचा, राज्याचा, संघाचा, ते येतात. त्यांच्यामुळे पटावर नवे डावपेच शक्य होतात, नवे दर्जे खुले होतात, आणि खेळणारा खूष होतो. खालच्या वस्तीचे बळ वरच्या तीन बाजूंत वाटून घेतले जाते. वस्तीची म्हणून एक बाजू, तिचा झेंडा, तिची मागणी, तिने जिंकलेले युद्ध, असा मार्ग या खेळात नाही. चर्चची बाजू धरून लढण्याचाही एक वेगळा मार्ग खेळाने ठेवला आहे. तळघराचा ठेवलेला नाही. त्यांना चौथे घर मिळाले, पण चौथी बाजू मिळाली नाही.

हे चित्र आपल्या चळवळीतल्या माणसाला ओळखीचे वाटेल. वस्तीतला लढाऊ तरुण कोणत्या ना कोणत्या मोठ्या घरात घेतला जातो, तिथे त्याच्या लढाऊपणाचे कौतुकही होते, आणि वस्तीच्या प्रश्नाचे काय झाले असे विचारल्यावर तो त्या घराच्या भाषेत उत्तर देतो. त्या तरुणाला दोष देणे सोपे आहे. पटच तीन बाजूंचा आखलेला असेल तर सोंगटी चौथ्या बाजूला कशी उभी राहणार? आधी पट नव्याने आखावा लागतो. सुइहेइशाने १९२२ साली तेच केले. बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या न झालेल्या भाषणातून दुसऱ्यांच्या व्यासपीठाची मर्यादा दाखवली आणि त्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, तेही तेच. खेळाच्या परिभाषेत बोलायचे तर हा नवा गडी मिळवण्याचा प्रश्न नाही, नियम बदलण्याचा आहे.

मग हा खेळ आपल्या पोरांनी खेळू नये काय? खेळावा. बंदी घालणाऱ्या चर्चची यादी आपण नुकतीच पाहिली आहे. आपली तशी यादी करण्याचे कारण नाही. धर्मकथेखालची हिंसा, रक्ताच्या हिशोबात भरडलेल्या बाया, ज्ञानावरची बंदी आणि दयेच्या पोटातला स्वार्थ इतक्या उघडपणे मांडणाऱ्या लोकप्रिय कलाकृती फार नाहीत. पण खेळताना पटावरच्या प्रत्येक माणसाचा दाखला तपासावा. कोण लढतो, कोणाला फक्त वाचवले जाते, कोणाला नाव आहे, आणि नियम कोणाच्या बाजूने झुकलेला आहे, एवढे चार प्रश्न विचारले तरी पुरे.

हे प्रश्न खेळणाऱ्यांना परके आहेत असेही नाही. मठाच्या दारावर एक पहारेकरी उभा असतो. त्याला नाव नाही, रक्तात चिन्ह नाही, लढाईत तो आपल्या हाती कधी येत नाही. रोज तो शिक्षकाला नमस्कार करतो आणि वार्ता देतो, एवढेच त्याचे काम. २०२१ साली याच मालिकेच्या 'फायर एम्ब्लेम हीरोज' या मोबाइलवरच्या खेळासाठी जगभरच्या खेळणाऱ्यांचे मतदान झाले. मालिकेतले तीस वर्षांतले राजपुत्र, सरदार आणि सेनापती उमेदवार होते. पुरुष पात्रांत पहिला क्रमांक त्या बिननावाच्या पहारेकऱ्याला मिळाला. थट्टेचा भाग त्यात होताच, पण त्या मतदानानंतर त्याला शस्त्र देऊन त्या खेळाच्या पटावर उतरवावे लागले. मठाखालच्या वस्तीच्या तोंडाशीही असाच एक बिननावाचा पहारेकरी आहे. त्याच्या हाती भाला देऊन त्याची बाजू मांडणारी मोहीम अजून कोणी लिहिलेली नाही.